एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

दिवाळीत करंजीच्या सारणासाठी साखर दळायला घेतली की एक गोष्ट हमखास दिसते. मिक्सरच्या भांड्यात सपाट वाटीभर साखर घातलेली असते. दळून झालेली पिठीसाखर त्याच वाटीने मोजली, तर ती दीड वाटीच्याही वर भरते, कधी पावणेदोन होते. मध्ये कोणी काही मिसळलेलं नसतं. काट्यावर ठेवली तर वजन जितकंच्या तितकं. मग वरची ही अर्धी-पाऊण वाटी आली कुठून?

दुसरा प्रश्न केक करणाऱ्या प्रत्येक घरातला. कृतीत लिहिलेलं असतं ‘२५० ग्रॅम मैदा’ आणि घरात काटा नसतो. दोन बहिणींना विचारावं, तर एक म्हणते दोन वाट्या, दुसरी म्हणते अडीच. वाटी एकाच मापाची, मैदा एकाच पुड्यातला, तरी दोघींचं उत्तर आपापल्या हातापुरतं बरोबर असू शकतं.

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे आणि ते वाटीतल्या रिकाम्या जागेत आहे.

वाटीत साखरेबरोबर हवाही असते

काटा मोजतो तो पदार्थ. वाटी मोजते ती जागा, आणि त्या जागेत पदार्थाच्या जोडीने कणाकणांमधली हवाही बसलेली असते. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर वाटीभर तांदूळ घ्यावेत आणि त्यांवर दुसऱ्या वाटीने हळूहळू पाणी ओतावं. भरलेल्या वाटीत आणखी अर्ध्या वाटीच्या जरा आत इतकं पाणी सहज मावतं. तेवढी जागा आधी हवेने धरलेली होती.

आकड्यांत मांडायचं तर १०० मिलिलिटर जागेत साधारण ८५ ग्रॅम साखर बसते. पण साखरेचा दाणा भरीव आहे. मध्ये अजिबात फट न ठेवता तेवढी जागा साखरेने भरता आली असती, तर तिथे १५९ ग्रॅम साखर मावली असती. म्हणजे आपल्या ‘भरलेल्या’ वाटीत साखर निम्म्याहून थोडी जास्त आणि बाकी हवा. मिठाचा दाणा साखरेपेक्षा जड, भरीव मीठ १०० मिलिलिटरला २१६ ग्रॅम भरेल. वाटीत मात्र त्यातलं १२० ग्रॅमच्या आसपास मावतं. इथेही पदार्थाचा वाटा जवळजवळ तेवढाच, ५५ टक्क्यांच्या घरात. तांदळाचंही तसंच. दाणेदार कोरडा पदार्थ नुसता ओतला की तो साधारण याच प्रमाणात जागा व्यापतो.

यापेक्षा घट्ट किती बसवता येईल, हा गणितातला फार जुना प्रश्न आहे. फळवाला संत्री रचतो तशा, खालच्या तिघांच्या खळगीत वरचं एक, अशा एकसारख्या गोल वस्तू रचल्या तर जागेचा सुमारे ७४ टक्के भाग भरतो. योहानेस केप्लरने १६११ मध्ये अंदाज केला होता, की याहून घट्ट रचना शक्य नाही. त्याची सिद्धता टॉमस हेल्स या गणितज्ञाने जाहीर केली ती १९९८ मध्ये. पण वाटीत साबुदाणा ओतताना कोणी दाणे रचत बसत नाही. नुसते ओतून, हलवून, आपटून बसवलेले एकसारखे गोल दाणे ६४ टक्क्यांपर्यंत पोहोचतात आणि तिथे अडतात. म्हणजे कितीही चोपलं तरी अशा दाण्यांच्या वाटीत एक तृतीयांशाहून जास्त हवा उरतेच.

दाणे लहानमोठे मिसळलेले असले तर गोष्ट वेगळी. वाटीभर छोल्यांवर अर्धी वाटी मोहरी ओतून डबा हलवला, तर एकूण दीड वाटी भरत नाही. मोहरी छोल्यांमधल्या फटींत शिरते. मिश्र डाळींची किंवा भाजणीच्या धान्याची वाट्यांची बेरीज हिशेबाला थोडी कमी भरते ती यामुळेच.

बारीक झालं म्हणजे जास्त मावलं पाहिजे ना?

इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. बारीक कण जवळजवळ बसतील, फटी कमी होतील, वाटीत जास्त माल मावेल, असं वाटतं. प्रत्यक्षात सगळे कण एकाच आकाराचे असतील तर ते मोठे आहेत की लहान याने फटींचा एकूण वाटा बदलत नाही. मोठ्या दाण्यांत थोड्या पण मोठ्या फटी, लहान दाण्यांत पुष्कळ पण लहान फटी, बेरीज तीच. बाजारात साखर एस-३० आणि एम-३० अशी येते, त्यातलं एस म्हणजे लहान दाणा आणि एम म्हणजे मध्यम. दोन्हींची वाटी जवळपास सारख्याच वजनाची भरते.

मग पिठीसाखर का फुगते? दाणा एका मर्यादेखाली बारीक झाला की वजनाऐवजी चिकटपणाचं राज्य सुरू होतं. दाण्याची लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी एक दशांश केली, तर त्याचं वजन एक हजारांश होतं. पण शेजारच्या दाण्याला धरून राहण्याची त्याची ओढ साधारण एक दशांशच होते. वजनाच्या मानाने पाहिलं तर तो शंभरपट चिकट झाला. अर्धा-एक मिलिमीटरचा साखरेचा खडा वजनाने घरंगळतो आणि सापडेल त्या खोलगट जागी जाऊन बसतो. एक दशांश मिलिमीटरच्या खालचा कण मात्र जिथे पडला तिथेच शेजाऱ्याला धरून राहतो, आणि त्याच्या खाली पोकळी राहिली तरी तो तीत उतरत नाही. कीर्तनाला आलेली माणसं सतरंजीवर जागा मिळेल तिथे ऐसपैस बसतात, मंडप भरलेला दिसतो, आणि कोणी ‘जरा पुढे सरकून घ्या’ म्हटलं की आणखी बरीच माणसं मावतात. पिठाचं तसंच आहे. डबा ओट्यावर आपटणं म्हणजे पिठाला पुढे सरकायला सांगणं.

नुकत्याच दळलेल्या पिठीसाखरेच्या वाटीत १०० मिलिलिटरला जेमतेम ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ ७० टक्के जागा हवेची. ८५ ग्रॅम साखर अशा तऱ्हेने पसरली की ती १७० मिलिलिटर जागा घेते. मिक्सरमधून आलेली जास्तीची पाऊण वाटी ती हीच.

मैदा, कणीक, बेसन, तांदळाची पिठी ही सगळी या चिकट मुलखातली. नवा बेसनाचा पुडा डब्यात ओतताना आधी मावत नाही आणि डबा दोनदा आपटला की मावतो. साखरेचा डबा तसाच आपटून पाहावा, पातळी नावापुरतीच खाली जाते. म्हणून साखरेच्या वाटीवर विश्वास ठेवता येतो आणि मैद्याच्या वाटीवर येत नाही. पिठाच्या डब्यात वाटी खुपसून बाहेर काढली तर १०० मिलिलिटरला ६० ते ६५ ग्रॅम मैदा येतो. चमच्याने हलकेच वाटीत सोडला आणि वरून सुरीने सपाट केला तर ५० ते ५३. दोनशे मिलिलिटरच्या वाटीने मोजणाऱ्या त्या दोघी बहिणींतली पहिली वाटी खुपसते, दुसरी चमच्याने भरते. वाट्यांचं उत्तर दोन की अडीच, हे एवढ्यानेच ठरतं.

याच कारणाने ‘दोन वाट्या चाळलेला मैदा’ आणि ‘दोन वाट्या मैदा, चाळून घेतलेला’ या दोन ओळी सारख्या नाहीत. पहिल्यात आधी चाळून मग मोजायचं आहे, दुसऱ्यात मोजून मग चाळायचं. चाळण पिठात हवा भरते, त्यामुळे पहिल्या कृतीत मैदा कमी जातो. बिस्किटं कडक झाली किंवा केक कोरडा झाला की ओव्हनवर ठपका येतो, पण पुष्कळदा दोष या ओळीत असतो.

शीग

भरलेल्या वाटीच्या काठावर जो ढीग उभा राहतो ती शीग. ती किती मोठी असते याचा अंदाज सहसा कमी केला जातो. तांदळाचा ढीग सुमारे ३० अंशांच्या उताराने उभा राहतो. वाटीचं तोंड आठ सेंटिमीटर रुंद असेल, तर काठावरच्या त्या शंकूत जवळजवळ ४० मिलिलिटर तांदूळ असतो. दीडशे मिलिलिटरच्या वाटीवर ही पाव वाटीहून जास्त भर झाली. तोंड जितकं पसरट, शीग तितकी मोठी. त्यामुळे चमच्याच्या बाबतीत तर शीग मूळ मापाइतकी होऊ शकते, आणि ‘एक चमचा सोडा’ शिगोशीग घेतला की दोन चमचे पडतो.

अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमच्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने. तिथली घरं पुढे कपावर स्थिरावली, युरोपातली बरीचशी काट्यावर. आपल्याकडे धान्याची मोजणी कितीतरी पिढ्या मापानेच चालली: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. शेर मात्र दोन प्रकारचा होता. मापाचा शेर धान्याची जागा मोजायचा आणि वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि वाण्याकडे किलो रुजला, पण स्वयंपाकघरात वाटी टिकली.

पायलीची मोजणी अडाणी होती असं मला मुळीच वाटत नाही. ज्वारी, गहू, तांदूळ, तूर, हरभरा हे सगळे दाणे १०० मिलिलिटरला साधारण ७५ ते ८५ ग्रॅम भरतात. त्यांत हवेचा वाटा जवळपास ठरलेला असतो, त्यामुळे सपाट भरलेलं माप धान्याच्या बाबतीत बऱ्यापैकी प्रामाणिक ठरतं. आजही गव्हाचा कस पाहताना १०० लिटर गहू किती किलो भरतो हे बघतात. चांगला टपोरा गहू ७६ ते ८० किलो भरतो, सुरकुतलेला कमी. माप आणि वजन दोन्ही हाताशी असली की दाण्याची भरणही कळते.

पातळ पदार्थांचं सोपं आहे

पाण्यात, दुधात, तेलात फटी नसतात. त्यामुळे तिथे एकच आकडा लागतो आणि तो हातानुसार बदलत नाही. पाणी १०० मिलिलिटरला १०० ग्रॅम, दूध साधारण १०३, तेल ९१-९२, पातळ केलेलं तूप ९०-९१, मध १४० च्या आसपास. तेलाच्या पिशवीवर ‘१ लिटर’च्या शेजारी ‘९१० ग्रॅम’ छापलेलं असतं ते यामुळेच. एक किलो तेल आणि एक लिटर तेल यांत जवळजवळ शंभर मिलिलिटरचा फरक पडतो. भाव विचारताना हे लक्षात ठेवावं.

वाट्यांचं प्रमाण कुठे चालतं, कुठे फसतं

वाटीने सांगितलेल्या आपल्या बहुतेक कृती खरं तर प्रमाणं सांगतात. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. वाटी-चमच्याच्या मापांनी नवख्या हातांनाही स्वयंपाक करता येतो, याचा अनुभव त्या पुस्तकाने कितीतरी घरांना दिला. एक वाटी उडीदडाळ आणि तीन वाट्या तांदूळ म्हटलं की वाटी दीडशेची असो नाहीतर अडीचशेची, इडली तीच होते. दोन्ही दाणेच असल्यामुळे वजनाने घेतलं तरी प्रमाण जवळपास एकास तीनच राहतं. अशा कृतीचं ग्रॅममध्ये रूपांतर करण्याचा खटाटोप करायची गरज नाही. एकच वाटी शेवटपर्यंत वापरावी, एवढं पुरे.

फसगत होते ती पीठ आणि दाणे एकत्र आल्यावर. एक वाटी मैदा आणि एक वाटी साखर वजनाने समान नाहीत. साखर हलक्या हाताने भरलेल्या मैद्याच्या दीडपटीहून जास्त आहे. एखाद्या कृतीत ‘मैदा आणि साखर समान’ लिहिलं असेल, तर समान वाट्या की समान वजन, हे आधी शोधायला हवं. नानकटाईत चूक झाली की ती पसरते किंवा खडखडीत होते. नानकटाईत पिठीसाखर असल्यामुळे गुंता आणखी वाढतो: जुन्या वहीत ‘एक वाटी साखर, दळून’ असेल आणि आपण एक वाटी दळलेली साखर घातली, तर गोडी निम्म्याच्या जवळ येते.

गुळाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. पुरणाला ‘एक वाटी डाळ, एक वाटी गूळ’ हे प्रमाण घरोघरी पाठ असतं. पण किसून सैल भरलेली वाटी आणि बारीक चिरून बोटांनी दाबलेली वाटी यांत दीडपटीपर्यंत फरक पडू शकतो. शिवाय कोल्हापूरची घट्ट ढेप आणि ओलसर मऊ गूळ यांतलं पाणीही सारखं नसतं. पुरण एका सणाला घट्ट होतं आणि दुसऱ्या सणाला आटता आटत नाही, तेव्हा डाळीची वाटी बदललेली नसते, गुळाची बदललेली असते. हा एक पदार्थ तरी काट्यावर घालावा. ओलं खोबरं आणि दाण्याचं कूट हेही याच जातीचे, दाबाल तितके बसणारे. कोथिंबीर, पुदिना, पालक यांचं वजनात रूपांतर करूच नये. त्यांना मूठ आणि जुडी हीच मापं बरी.

वाटी, कप, चमचा: कोणाचा केवढा

वाटीला कायद्याने बांधलेलं माप नाही. स्टीलच्या वाट्या शंभर मिलिलिटरपासून दोनशेच्याही पुढे असतात. परदेशातल्या कृती घेताना त्यांचा कपही पाहावा लागतो. अमेरिकेतला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानमधला २०० चा, आणि भाताच्या विजेच्या कुकरसोबत येतो तो बहुधा १८० चा. छोटा मोजचमचा म्हणजे टीस्पून सगळीकडे जवळपास पाच मिलिलिटरचा असतो. मोठा, म्हणजे टेबलस्पून, १५ चा, पण ऑस्ट्रेलियात २० चा. सिडनीहून आलेल्या कृतीत चार टेबलस्पून तूप असेल तर ते ८० मिलिलिटर धरावं, ६० नाही.

चौकट: १०० मिलिलिटर जागेत साधारण किती ग्रॅम

पाणी १०० | दूध १०३ | तेल ९१-९२ | मध १४०
साखर ८५ | पिठीसाखर, सैल ५०
तांदूळ ८० | डाळी ८०-८५ | रवा ७०
मैदा, हलक्या हाताने ५०-५३ | मैदा, वाटी खुपसून ६०-६५
बेसन, चाळलेलं ४० | बेसन, डब्यातलं ५०
बारीक मीठ १२०

वाटी १५० मिलिलिटरची असेल तर दीडपट करा, २०० ची असेल तर दुप्पट.
ग्रॅमवरून वाटी काढायची तर: कृतीतले ग्रॅम भागिले आपल्या वाटीत बसणारे ग्रॅम.

आपल्या वाटीचा आकडा काढायचा कसा

काटा असेल तर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं रेघांचं छोटं माप किंवा बाळाची दुधाची बाटली चालते. तिने पाणी मोजत मोजत वाटी भरावी.

मग मैदा, कणीक, बेसन, रवा आपण नेहमी भरतो तशाच हाताने वाटीत भरून एकदा काट्यावर ठेवावा आणि आकडे लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. छापील तक्त्यापेक्षा हे आकडे अधिक कामाचे असतात, कारण त्यांत आपल्या गिरणीचं दळण आणि आपल्या हाताची भरण दोन्ही आलेली असतात. गिरणीत जाडसर दळून आणलेली कणीक आणि पुड्यातली बारीक कणीक वेगवेगळी भरते, त्यामुळे गिरणी बदलली तर तो एक आकडा पुन्हा काढावा. पिठात मुळातच १२ ते १४ टक्के पाणी असतं आणि उघड्या डब्यात ते पावसाळ्यात वाढतं. पण वाटी भरण्यातल्या फरकापुढे हा फरक किरकोळ आहे.

मिठाचा आकडा मात्र मिठाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा काढावा. बारीक मीठ खूप बारीक दिसलं तरी ते पिठासारखं फुगत नाही, कारण त्याचा दाणा चिकटण्याच्या मर्यादेच्या वर असतो आणि ते सुटसुटीत राहावं म्हणून त्यात गुठळी-रोधक घातलेलं असतं. एक सपाट टीस्पून मीठ सहा ग्रॅमच्या आसपास भरतं. खडे मिठाचे वेडेवाकडे तुकडे वाटीच्या कडेला मोठ्या फटी सोडतात, त्यामुळे त्याची वाटी हलकी भरते. अमेरिकेत मिळणारं पापुद्र्यांचं मीठ तर चमच्याला निम्मंच भरू शकतं. भाजीत हे चवीवर निभावून नेता येतं. लोणच्यात नाही, कारण तिथे मीठ चवीइतकंच टिकवण्याचंही काम करतं आणि ते कमी पडलं तर बरणीला बुरशी धरते. म्हणून घरातली लोणच्याची कृती खडे मिठाच्या वाटीने लिहिलेली असेल, तर खडे मीठ आहे तसंच त्या वाटीने भरून काट्यावर घालावं, ते ग्रॅम फोडींच्या वजनाशेजारी वहीत लिहावेत, आणि पुढच्या वर्षी घरात कोणतंही मीठ असलं तरी तेवढेच ग्रॅम घ्यावेत.